भित्तिपत्रकावर नसलेले नाव

भित्तिपत्रक शर्यतीच्या आधी छापले जाते. ही गोष्ट इतकी साधी आहे, की ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. त्यावर ठिकाण असते, दिनांक असतो, वेगाचा भास निर्माण करणारे रंग असतात. विजेत्याचे नाव मात्र असू शकत नाही. रॉबेर फाल्कुची या फ्रेंच चित्रकाराने ६ एप्रिल १९३० रोजी झालेल्या मोनॅको ग्रां प्रीसाठी केलेले भित्तिपत्रक आज जगभरचे संग्राहक मोठ्या हौसेने जपतात. त्याच भित्तिपत्रकाचे एक छोटे मुद्रित चित्र आपल्या शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात होते. सरांनी ते कुठल्याशा जुन्या कॅलेंडरातून कापून पुठ्ठ्यावर चिकटवले होते. अक्षरलेखन शिकवताना ते हटकून त्याच्याकडे बोट दाखवीत. आम्ही मात्र मोटारीकडेच पाहत असू. वसतिगृहातील आम्हा मुलांपैकी बहुतेकांनी तोवर एस. टी.शिवाय दुसऱ्या वाहनात पाऊल ठेवले नव्हते.

त्या चित्रामागची शर्यत आम्हांला कळली ती पुढे, शाळा सुटल्यावर, एकेका पुस्तकातून. मोनॅको हे भूमध्य समुद्राकाठचे राज्य क्षेत्रफळाने जेमतेम दोन चौरस किलोमीटरचे आहे. तेथील मोटार क्लबाला आंतरराष्ट्रीय संघटनेत पूर्ण स्थान हवे होते; परंतु स्वतःच्या भूमीवर तुम्ही शर्यत भरवीत नाही, या कारणास्तव ते नाकारण्यात आले. अँतोनी नोगेस यांनी त्यावर उपाय काढला. मैदान नाही, तर गावचे रस्ते आहेतच! बंदर, चढ, तीव्र वळणे आणि बोगदा यांतून जाणारा सुमारे ३.१८ किलोमीटरचा मार्ग आखला गेला आणि १९२९ साली पहिली शर्यत पार पडली. ज्या अडचणीमुळे नकार मिळाला, तिच्यातूनच जगातील सर्वांत प्रसिद्ध शर्यतींपैकी एक जन्माला आली.

दुसऱ्या वर्षी, म्हणजे भित्तिपत्रकावरील त्या दिवशी, लोकांच्या नजरा लुई शिरॉन यांच्यावर होत्या. ते मोनॅकोचेच भूमिपुत्र आणि बुगाटी कारखान्याच्या अधिकृत चमूचे चालक. शेजारच्या नीस शहरातील २४ वर्षांचे रेने द्रेफुस हेही बुगाटीच चालवीत होते. पण खाजगीरीत्या उतरलेली. शंभर फेऱ्या, म्हणजे सुमारे ३१८ किलोमीटर. मोटारीच्या टाकीतील इंधन तेवढ्याला पुरणारे नव्हते, म्हणून मध्ये थांबणे भाग होते. द्रेफुस यांनी एक जादा टाकी चालकाशेजारच्या मोकळ्या जागी बसवून घेतली. या टाकीचे वजन होते. आरंभीच्या फेऱ्यांत ते ओझे त्यांना वाहावे लागणारच होते, आणि बराच काळ शिरॉन पुढेही राहिले. अखेरच्या टप्प्यात शिरॉन इंधनासाठी थांबले. द्रेफुस थांबले नाहीत. सुमारे २२ सेकंदांच्या अंतराने ते जिंकले. (पुढल्याच वर्षी शिरॉन यांनी आपल्या गावच्या रस्त्यांवर ही शर्यत जिंकली, हेही सांगितले पाहिजे.)

ही हकीकत येथेच संपती, तर ती केवळ एका युक्तीची गोष्ट ठरली असती. द्रेफुस यांचे वडील ज्यू होते. जर्मनीत नात्झी सत्तेवर आले, मर्सिडीजच्या मोटारी त्या राजवटीच्या अभिमानाचे निशाण झाल्या, आणि त्या मोटारींत बसण्याची वाट द्रेफुस या आडनावाला बंद झाली. कौशल्याची परीक्षा होण्यापूर्वीच जन्माची चौकशी व्हावी, म्हणजे काय असते, हे आपल्या शाळेच्या वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. १० एप्रिल १९३८ रोजी फ्रान्समधील पो या गावी द्रेफुस देलाये मोटार घेऊन उतरले. समोर मर्सिडीज होती, कितीतरी अधिक शक्तीची. पण त्या शक्तीला इंधन फार लागे. पोच्या अरुंद रस्त्यांवर शक्तीला पूर्ण वाव मिळेना. मर्सिडीजला थांबावे लागले, देलाये अखंड धावली आणि जवळजवळ दोन मिनिटांनी जिंकली. आठ वर्षांपूर्वीचेच गणित, परंतु आता त्याचा अर्थ निराळा होता. १९४० साली ते शर्यतीसाठी अमेरिकेत गेले, इकडे फ्रान्स पडला, आणि ते तेथेच राहिले. पुढे अमेरिकी सैन्यात त्यांनी सेवा केली आणि न्यूयॉर्कमध्ये उपाहारगृह चालवले.

आम्ही या हकीकतीकडून एकच गोष्ट घेतो. यंत्राला चालकाचे आडनाव कळत नाही. ते माणसांनाच कळते, आणि म्हणून माणसांच्या जगात उतरताना काही जादा शिदोरी बरोबर ठेवावी लागते. आपल्या वसतिगृहाने आम्हांला दिली ती तीच. पहाटेचा अभ्यास, रात्रीचे सामुदायिक वाचन, स्वतःचे ताट स्वतः धुणे, धाकट्यांना शिकवणे, हे सारे त्या काळी ओझेच वाटे. शहरातील मुले आमच्यापुढे सहज निघून जात आणि आम्ही जड पावलांनी मागे असू. त्या ओझ्यात पुढच्या फेऱ्यांचे इंधन आहे, हे कोणी आम्हांला सांगितले नव्हते. सांगितले असते, तरी तेव्हा पटले नसते. आमच्यातील सर्वच पुढे गेले, असेही नाही. काहींची वाट मध्येच अडली, आणि शिदोरी कितीही असली तरी बंद दार बंदच असते, हे पोच्या विजयानंतरही द्रेफुस यांना देश सोडून राहावे लागले यावरून दिसतेच. दारे उघडण्याचे काम निराळे आहे, आणि ते आपणा सर्वांचे आहे.

यंदा ज्या मुलामुलींनी पहिल्यांदाच आपली पत्र्याची पेटी वसतिगृहात आणून ठेवली असेल, त्यांना आम्ही एवढेच सांगू इच्छितो: पेटी जड वाटेल. वाटू द्या. ती रिकामी करण्याची घाई करू नका.