झाकण

झेंडूचा वास आला आणि क्षणभर दादरचा फूलबाजार, दसऱ्याची पहाट, असं काहीबाही आठवलं. पण मी होतो मेक्सिको सिटीच्या आग्नेय टोकाला, मिस्कीकमध्ये, नोव्हेंबरच्या १ तारखेला. आपल्याकडे झेंडू म्हणजे तोरण, नाहीतर रिक्षाच्या काचेपुढचा हार. मूळचा मात्र तो इथला. इथं त्याला सेंपासूचिल म्हणतात. जुन्या नावाटल भाषेत 'वीस फुलं'. ज्यानं हे नाव ठेवलं, त्यानं पाकळ्या मोजायला घेऊन मध्येच नाद सोडला असावा.

ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या सेन्योरा उंबऱ्यात बसून पाकळ्या खुडत होत्या. रस्त्यापासून आतल्या मांडणीपर्यंत केशरी पायवाट. गेलेल्यांना आपलं घर सापडायला हवं ना. दारावर चांदणीच्या आकाराचा कंदीलही होता. तो पाहून मला हसूच आलं. आपला आकाशकंदील इथं कोणासाठी लागतो ते कळलं, तेव्हा ते थांबलं.

दुपारी बाराला चर्चच्या घंटा वाजल्या. लहानपणीच गेलेली मुलं आता परत निघतात आणि मोठी माणसं येतात. मृतांच्या या सणाची राजधानीतली सांगाड्यांची भव्य मिरवणूक मात्र पार अलीकडची, २०१६ ची. आदल्या वर्षी बाँडपटात खोटी दाखवली होती, म्हणून मग खरी काढली!

सेन्योरांच्या मांडणीत असला थाट नव्हता. पाण्याचा पेला, कारण लांबून येणाऱ्याला तहान लागते. मीठ. वर हाडांसारख्या वळ्या लावलेला गोड पाव. कोपालचा धूर, आपल्या उदाच्या जवळचा. मध्ये नवऱ्याचा फोटो आणि फोटोपुढे बिअरची बाटली. ती ठेवून सेन्योरा दोन पावलं मागं सरल्या, थबकल्या, परत गेल्या आणि झाकण उघडून आल्या.

"त्यांना कसं उघडता येणार?" मला म्हणाल्या. डोळ्यांत पाणी नव्हतं. जेवायला बसलेल्या माणसाला चमचा द्यायचा राहिला, तर बाई ज्या सुरात बोलेल तोच सूर.

दुसऱ्या संध्याकाळी चर्चच्या आवारातलं कबरस्तान मेणबत्त्यांनी भरून गेलं. घरोघरची माणसं आपापल्या थडग्याशी ठिय्या मारून बसली होती. कुणी पोराच्या अंगावर शाल ओढत होतं, कुणी नुसतंच धुराकडे बघत. मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

आजोबांच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. नातीच्या लग्नाचं वचन देऊन झालं, घर विकणार नाही म्हणून झालं. ऊन तापलं, भटजी घड्याळ बघायला लागले. शेवटी धाकट्या काकांनी खिशातून आजोबांची तपकिरीची डबी काढली आणि पिंडाशेजारी ठेवली. कावळा लगेच आला.

डबीचं झाकण तेव्हा उघडं होतं की बंद, ते काही केल्या आठवेना.