शेवटचं पुस्तक आणि चौथीचा वर्ग



आमच्या चौथीच्या वर्गात शनिवारी शेवटचा तास गोष्टीचा असतो. यंदा गड्ड्याच्या जत्रेनंतर मी अमीश त्रिपाठींच्या शिवावरच्या तीन कादंबऱ्या सोप्या करून सांगायला घेतल्या. मूळ इंग्रजी पुस्तकं 2010, 2011 आणि 2013 मधली. मराठीत ‘मेलुहाचे मृत्युंजय’, ‘नागांचे रहस्य’ आणि ‘वायुपुत्रांची शपथ’. यातला शिव तिबेटातून आलेला माणूस आहे, कर्तृत्वाने महादेव होतो. नंदी तर चक्क सैन्यातला कॅप्टन! सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज नुकतेच बघून आलेल्या मुलांना याची फार मजा वाटली.

तिसरं पुस्तक मी रोज रात्री घरी वाचत होते. सोमरस हे आयुष्य वाढवणारं पेय. पण ते बनवताना सरस्वतीचं पाणी संपत चाललंय आणि उरलेलं विष नदीतून ब्रंग देशात जाऊन रोगराई पसरवतंय. म्हणून शिव ते थांबवायला निघतो. इथवर ठीक होतं. पुढे तहाच्या नावाखाली देवगिरीला बोलावतात आणि तिथे सतीचा घात होतो. मी पुस्तक मिटलं.

कारण वर्गातल्या एका मुलीची आई दिवाळीच्या आधी वारली होती. घरी तेलुगू बोलणारी, वर्गात फारसं न बोलणारी पोर. गोष्टीच्या तासाला मात्र पुढे येऊन बसायची. मी ठरवलं, सतीला वाचवायचं. गोष्ट आपणच सांगतोय, कोणाला कळणार?

शनिवारी सांगायला लागले, “सती जखमी झाली, पण वैद्य म्हणाले, बरी होईल...”

ती मुलगी हळूच म्हणाली, “बाई, दवाखान्यात पण सगळे असंच म्हणत होते. ती मेली ना?”

मला खोटं बोलवेना. “हो बाळा, मेली.”

वर्ग गप्प. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, “मग कार्तिकला कोण बघतं?”

मागून एक मुलगा ओरडला, “गणेश आहे की! दादा आहे त्याचा.”

“मला पण दादा आहे,” ती म्हणाली. आईनंतर घरचं काही ती पहिल्यांदाच बोलली.

मग चिडलेल्या शिवाने देवगिरी नष्ट केली ते सांगितलं. ते बरोबर की चूक, यावर घंटा होईपर्यंत भांडण चाललं.

डी.एड.ला असताना कथाकथनात आवाजातले चढउतार शिकले, हावभाव शिकले. गोष्टीत कोणी मेलं तर काय करायचं, हे मला या पोरीने शिकवलं. मारामारीची वर्णनं मी गाळली, वयाला ते योग्यच. पण सतीचं मरण गाळायला नको होतं. आपण लपवतो ते मुलांना बऱ्याचदा आधीच माहीत असतं, फक्त त्यावर बोलायला कोणी नसतं.

आता मधल्या सुट्टीत ती ते जाडजूड पुस्तक मागून घेते. अजून जोडाक्षरांना अडते. मी शेजारी बसते.