चूकभूल द्यावी घ्यावी

मु. पो. वालूर, ता. सेलू, जि. परभणी. या पत्त्यावर पूर्वी पोस्टानं झाडांची यादी यायची. आता यादी फोनवर आणि झाडं खोक्यात येतात. या बदलात जे निसटलं, त्यातलं आठवलं तेवढं.

दरपत्रक

स्वस्त कागदाची आठ-दहा पानं, मधे दोन पिना. वर ‘दर पूर्वसूचनेशिवाय बदलतील’, खाली ‘चूकभूल द्यावी घ्यावी’. चित्र एखादंच, तेही ठोकळ्याचं. आंबा की पेरू, हे खालचं नाव वाचून ठरवायचं. म्हणून लोक नावं वाचत. पुण्याचे पेस्तनजी पोचा 1884 पासून बियाण्यांच्या व्यापारात. त्यांच्यासारख्यांचे इंग्रजी कॅटलॉग बंगलेवाल्यांसाठी, आमच्याकडे यायची ती गावाकडच्या नर्सऱ्यांची मराठी दरपत्रकं.

कलम घेणं म्हणजे चार-पाच वर्षांनी लागणाऱ्या फळावर आज पैसे मोजणं. रोपाच्या पानावरून जात ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. फळ वेगळं निघालं तर पेटीतून त्या सालचं दरपत्रक काढून भांडता यायचं. फोनवरचं पान सकाळी एक असतं, संध्याकाळी दुसरं.

व्हीपी

‘व्हीपी सोडवली का?’ हा प्रश्न आता कुणी विचारत नाही. व्हीपी म्हणजे व्हॅल्यू पेएबल: आधी माल, मग पोस्टमनच्या हातात पैसे. ही सोय आपल्या टपाल खात्यानं 1877 सालीच केली होती. ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ हे तिचं नवं बारसं. बियाण्याची व्हीपी कुणी सोडवली नाही, तर पुडकं मुकाट्यानं परत जाई. रोपं परत जात ती काड्या होऊन. म्हणून रोपांसाठी नर्सरीवाला आधी मनिऑर्डर मागे.

‘जवळचे रेल्वे स्टेशन’

मागणीपत्रावरचा एक रकाना. आमचं उत्तर ठरलेलं: सेलू. निजामाच्या काळात टाकलेल्या मनमाड–हैदराबाद मार्गावरचं स्टेशन, तेव्हा मीटरगेज. पार्सलची पावती आधी पोस्टानं यायची, मग बैलगाडी किंवा एसटी धरून स्टेशन गाठायचं. करंडीत ओल्या गवताखाली कलमं. करंडी उघडली की ओल्या मातीचा वास पार्सल ऑफिसभर. आता रकाना पिनकोडचा. 15 ऑगस्ट 1972 पासून चालत आलेले सहा आकडे टाकले की फोन सांगतो, इथे पोचेल की नाही. कुठल्या रस्त्यानं, ते सांगत नाही.

भेट कलम

मातृवृक्षाभोवती माळा बांधायचा. कोयीतून वाढवलेली रोपं कुंडीसकट त्यावर चढवायची. रोपाची आणि झाडाच्या फांदीची साल थोडी तासून दोघांना एकमेकांशी बांधायचं. दोन-तीन महिने भेट चाले. जीव जुळला की फांदी झाडापासून सोडवायची. तेवढे दिवस माळ्यावरच्या कुंड्यांना चढून पाणी. पुढे कोय कलम आलं, मृदुकाष्ठ कलम आलं. फांदी खाली आणून रोपावर पाचर मारली की झालं. काम सोपं झालं, कलमं स्वस्त झाली, हे चांगलंच. मात्र माळ्यावर चढून कुंड्यांना पाणी घालणारी पोरं संपली आणि ‘भेट’ हा शब्द नर्सरीतून गेला.

मातृवृक्ष दाखवणं

‘हे झाड, याचीच काडी.’ नर्सरीवाला गिऱ्हाइकाला हात धरून तिथवर नेई. हंगाम असेल तर एक फळ कापून देई. फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी राज्यात 1969 चा कायदा आहे. परवानाधारकानं प्रत्येक खुंट आणि प्रत्येक डोळकाडी कुठून आणली, याची नोंद ठेवायची. ती वही आजही मागावी. पण वही मागायला आधी नर्सरीत जावं लागतं.

मोसंबीला हे आणखी लागू. खाली रंगपूर लाइमचा खुंट, वर मोसंबीचा डोळा. खुंट कोणता, हे खोक्यावरच्या चकचकीत फोटोत दिसत नाही. बाग दहा वर्षं टिकणार की वीस, हे मात्र बरंचसं त्याच्यावर.

नाव

जुनागढच्या नवाबांनी 1934 मध्ये ‘केशर’ हे नाव दिलं. त्याआधी त्या आंब्याला ‘सालेभाईनी आंबडी’ म्हणत. आज मराठवाड्याच्या केशराला भौगोलिक मानांकन आहे. यातलं प्रत्येक झाड काडीवर काडी चढत, हातोहात इथवर आलेलं. साखळीत एक हात खोटा निघाला, तर पुढची सगळी नावं खोटी. छापील यादीत केशर एका ओळीत मावायचं. आता त्याला ‘ओरिजिनल’, ‘प्रीमियम’, ‘सुपर’ अशी शेपटं. शेजारच्याच चौकटीत निळ्या गुलाबाचं बी. नर्सरीत गुलाब डोळा भरून करतात, हे बी मागवणाऱ्याला सांगायला कुणी नाही.

हुंडी

मुळांभोवतीचा मातीचा गोळा. गवतात गुंडाळून सुतळीनं आवळलेला. उतरवताना हमालाला ओरडून सांगायचं, ‘हुंडी फुटू देऊ नको!’ हुंडी फुटली की झाड गेलं. पुढे काळी प्लॅस्टिकची पिशवी आली, आता कोकोपीट. हलकं असतं, कुरिअरला परवडतं. नारळाचा भुसा आमच्या काळ्या मातीत उतरतो आणि पहिल्या उन्हाळ्यात मुळं त्याच्याबाहेर यायला तयार नसतात.

‘मृगात पाठवू’

पोस्टकार्डावरचं उत्तर. मागणी उन्हाळ्यात नोंदवायची, कलम 7 जूननंतर निघायचं. तोवर खड्डे घेऊन, तापू देऊन, शेणखत भरून ठेवायचे. थांबणं हे मशागतीतलंच एक काम. फोनवर बारा महिने ‘स्टॉकमध्ये आहे’. मे महिन्यात वालुरात सावलीसुद्धा तापते. तेव्हा आलेलं खोकं उघडलं की पानं आधी गळतात, झाड मागून बाहेर येतं.

बारव

ही नोंद लिहून खोडली. चक्राकार उतरत जाणाऱ्या पायऱ्यांची वालूरची बारव गाळानं आणि कचऱ्यानं बुजली होती. गेलेल्या वस्तूंतच तिला धरलं होतं. गावकऱ्यांनी ती उपसली. आता तिचे फोटो फोनवर लांबलांब जातात आणि ते बघून माणसं गाव विचारत येतात. नर्सरीवाल्यांनाही फोननं अशीच लांबची गिऱ्हाइकं दिली, हे इथे लिहिलं पाहिजे.

मागचं पान

आमच्या अण्णांनी केशरची दोन कलमं मागवली होती. एक पहिल्याच उन्हाळ्यात गेलं. दुसरं जोमानं वाढलं, पाचव्या वर्षी लागलं. फळ बारीक, रेषाळ, आंबट. सरळसरळ रायवळ. अण्णा जन्मभर त्या नर्सरीला शिव्या घालत राहिले.

मागे पेटी आवरताना ते दरपत्रक सापडलं. केशरच्या ओळीवर अण्णांची निळ्या शाईची खूण. मागच्या पानावर बारीक टाइपात लागवडीच्या सूचना. सहावी अशी: कलमाच्या सांध्याखाली येणारी फूट वेळच्या वेळी काढावी, नाहीतर खुंट वाढतो आणि कलम मरते.

झाडाशी जाऊन बुंधा चाचपला. जमिनीलगत, एका अंगाला, अंगठ्याएवढं वाळकं खोड. तेच केशर. झाड झाला तो खुंट.

दरपत्रकावरच्या पत्त्यावर आता नर्सरी नाही आणि अण्णाही नाहीत. शिव्या परत घ्यायच्या राहून गेल्या. कैऱ्या लोणच्याला चांगल्या लागतात.