वाऱ्याची पुळण

तारकर्लीला येणारा माणूस बहुधा डिसेंबरात येतो आणि डिसेंबरातलाच समुद्र मनात घेऊन परत जातो. तळाची वाळू दिसेल इतकं नितळ पाणी, गुडघ्याशी येऊन विरणारी लाट. हा समुद्र खोटा नाही, पण तो मोजक्या दिवसांचा आहे. मालवणपासून देवबागच्या टोकापर्यंतची ही सारी पुळण वाऱ्याच्या हाती आहे. "वारो फिरलो काय दर्यो फिरता," असं इथला म्हातारा रापणकर, म्हणजे रापणीचं जाळं ओढणारा मच्छीमार, सहज बोलून जातो, आणि बारा महिने या किनाऱ्याकडे पाहत राहिलं की त्याचं म्हणणं पटत जातं.

थंडीतल्या पहाटे मतलई वारा सुटतो. रात्रीत जमीन निवते, समुद्र ऊब धरून राहतो. मग गार हवा माडांमधून वाट काढत पाण्याकडे निघते. शिडाच्या होड्या होत्या त्या काळी याच वाऱ्यावर अंधारात बाहेर पडायचं आणि दुपारी उलटलेल्या वाऱ्यावर घरी यायचं, असा दिवसाचा क्रम होता. किनाऱ्याकडून येणारा हा वारा लाटेला समोरून थोपवतो. म्हणून सकाळची लाट गुळगुळीत असते, उशिरा फुटते.

पण याच शांत दिवसांत कधी कधी एक नवल घडतं. झावळीही हलत नाही, आभाळ निरभ्र असतं, आणि वायव्येकडून लाटांच्या लांब, एकसारख्या रांगा येऊ लागतात. या लाटा उठवणारा वारा इथला नसतोच. अरबस्तानाकडे 'शमाल' नावाचा वायव्य वारा थंडीत जोर धरतो. त्यानं उठवलेल्या लाटा दीड-दोन हजार किलोमीटर अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्याला लागतात. गोव्यातल्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी त्यांचा माग काढला आहे. वारा केव्हाच पडलेला असतो, त्याची लाट मात्र चालत राहते. मला यात फार मोठं काहीतरी दिसतं. आपल्या पायाशी फुटणाऱ्या पाण्याला दूरचा देश ठाऊक असतो.

फेब्रुवारी सरला की चित्र बदलतं. जमीन तापते, दुपारच्या सुमारास खारा वारा वायव्येकडून आत घुसतो आणि दुपार कलेपर्यंत चांगलाच भरतो. सकाळी आरशासारखं असलेलं पाणी चारच्या सुमाराला फेसाळतं. लाटा तोकड्या, घाईच्या, एकमेकींवर आदळणाऱ्या. वारा संध्याकाळी ओसरतो, पण खवळलेलं पाणी निवायला रात्र व्हावी लागते. एप्रिल-मे म्हणजे सुट्ट्यांचे दिवस. घाटावरून आलेली पोरं सकाळी जिथे पोहली तिथेच दुपारी पुन्हा उतरतात. लाटेची उंची दुप्पट झाली की तिचं बळ चौपट होतं. किनाऱ्यावर चढलेलं पाणी परतताना एखाद्या अरुंद वाटेनं जोरात आत ओढतं, आणि ती वाट वरून पाहताना बाजूच्या फेसापेक्षा शांत दिसते. तिथेच माणूस फसतो. इथले लोक ओरडून सांगतात तेव्हा कृपा करून ऐकावं. त्या ओरडण्यामागे त्यांनी बाहेर काढलेली माणसं असतात.

मृगाच्या आगेमागे वारा नैर्ऋत्य-पश्चिमेचा होतो आणि मग थांबतच नाही. सोमालियाच्या किनाऱ्यापासून निघालेल्या या मोसमी वाऱ्याला उभा अरबी समुद्र मोकळा मिळतो. जितकी लांब धाव, तितकी मोठी लाट. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या त्याआधीच बंद झालेल्या असतात. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते. गढूळ, तपकिरी लाटा दूरवर फुटू लागतात आणि त्यांची गाज घराच्या भिंतींत शिरते.

पुळणीवर खरं काम आता होतं. या उभट लाटा वाळू ओरबाडून आत नेतात आणि किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा बांध घालतात. पुढच्या लाटा त्या बांधावरच अडखळून फुटतात. श्रावणात पुळण अगदी अरुंद होते, सुरूंची मुळं उघडी पडतात. नवख्याला वाटावं, किनारा गेला. गेलेला नसतो. पावसाळा ओसरला की संथ, लांब लाटा तीच वाळू कण कण करून परत आणू लागतात, आणि उन्हाळ्यापर्यंत पुळण पुन्हा ऐसपैस होते.

हिशोब नेहमीच जुळतो असं मात्र नाही. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला दर्या, मध्ये देवबागची चिंचोळी पट्टी. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि पश्चिमेचा जोराचा वारा एकाच वेळी आले की पाणी माडांच्या बागेत येतं. 16 मे 2021 ला तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा मोसमी पाऊस अजून यायचाच होता. अशा वेळी गेलेली वाळू आणि उन्मळलेले माड एका हंगामात भरून येत नाहीत. दगडी बंधारे घातले जातात. त्यांच्यामागे माणसं राहतात, आणि पर्यटकांसाठी काढलेल्या खोल्याही तिथेच असतात. डिसेंबरातल्या पाहुण्यानं त्या बंधाऱ्याकडेही पाहावं, असं मला फार वाटतं.

नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला जातो, तरी रापण लगेच पडत नाही. होडीनं अर्धवर्तुळात जाळं सोडायचं आणि दोन्ही टोकांना माणसांच्या रांगांनी ते किनाऱ्यावर ओढायचं, तर फुटती लाट निवलेली हवी. म्हणून वडीलधारे रापणकर रोज सकाळी पुळणीवर येऊन वारा पाहतात. वारा वायव्येकडे वळला, भांगाचं, म्हणजे कमी चढउताराच्या भरती-ओहोटीचं, पाणी असलं आणि बांधावरची लाट मोडली, की मग होडी पाण्यात लोटतात.