दीड वीत उंचीचा इंजिनिअर

अवकाशस्थानकाच्या पॅनेलमागे शिरून पाना-स्क्रूड्रायव्हर चालवणारा, दोन हात, दोन पाय आणि चेहरा असलेला इवलासा इंजिनिअर ही विज्ञानकथेची लाडकी कल्पना. मलाही ती आवडते. पण आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकात खरोखर राहून आलेल्या रोबोंच्या चित्रफिती नि त्यांच्याविषयीचे अहवाल बघत-वाचत गेलो, तसतसं माझं मत एका बाजूला झुकत गेलं. रोबो छोटा असावा, हे पटतं. माणसासारखा असावा, हेही काही कामांपुरतं पटतं. हे दोन्ही गुण एकाच यंत्रात आणले की मात्र इंजिनिअर म्हणून त्याचा फारसा उपयोग उरत नाही.

छोटेपणाची ओढ काही उगाच नाही. स्थानकातले दोष बहुधा बारीकच असतात. ऑगस्ट २०१८ मध्ये स्थानकाला जोडलेल्या एका सोयूझ यानात भोक सापडलं, ते जेमतेम दोन मिलिमीटरचं. ‘झ्वेझ्दा’ या रशियन विभागातून हवा झिरपत होती, तिची चीर शोधायला २०२० मध्ये अंतराळवीरांनी चक्क चहाची पत्ती हवेत सोडली आणि ती कुठं ओढली जाते ते कॅमेऱ्यानं टिपलं. भिंतींना लावलेली उपकरणांची कपाटं माणसापेक्षा उंच. त्यांच्यामागे तारा, नळ्या आणि धूळ. ‘मीर’ स्थानकात अशाच पॅनेलमागे तरंगणाऱ्या पाण्याच्या गोळ्यांमध्ये जीवाणू नि बुरशी मुक्कामाला आली होती. कपाट पुढं ओढून मागं डोकावणं हे वेळखाऊ काम, आणि तिथं माणसाचा एकेक तास फार महाग. तिथं हात घालू शकणारं लहानगं कुणी हवं, ही गरज खरीच आहे.

आता त्या लहानग्याला माणसाचं रूप देऊन बघू. जपानचा ‘किरोबो’ ऑगस्ट २०१३ मध्ये स्थानकाकडे निघाला. उंची ३४ सेंटिमीटर, वजन साधारण एक किलो. ३४ म्हणजे १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचा नेमका पाचवा हिस्सा, त्यामुळे हिशेब सोपा होतो. उंची पाचपट घटली की आकारमान आणि त्याबरोबर वस्तुमान १२५ पट घटतं. स्नायूचं बळ त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरतं, म्हणजे ते २५ पट घटतं. शिवाय हातच पाचपट आखूड, म्हणून पिळण्याचा जोर एकूण १२५ पटींनी कमी. बॅटरीला मिळणारी जागाही त्याच हिशेबानं आक्रसते. कपाटाचा बोल्ट मात्र आहे तेवढाच राहतो. तो माणसाच्या मनगटाचा अंदाज घेऊन आवळलेला असतो.

यावर कुणी म्हणेल, वजनच नाही तिथं ताकद कशाला हवी? आणि मोटर म्हणजे स्नायू नव्हे. गिअर लावले की छोटी मोटरही सावकाश का होईना, मोठा जोर काढते. दुसरा मुद्दा मला मान्य आहे. पण खरी गोची तिथूनच सुरू होते. वजन नाहीसं झालं तरी वस्तुमान राहतं आणि न्यूटनचा तिसरा नियमही. बोल्ट एका दिशेनं पिळला की पिळणारा उलट्या दिशेनं फिरू लागतो. फिरवण्याला शरीर किती विरोध करतं, हे वस्तुमानाबरोबर आकाराच्या वर्गावरही अवलंबून असतं. म्हणून आपल्या पाचव्या हिश्शाच्या इंजिनिअरचा हा विरोध माणसाच्या ३१२५ पट कमी. गिअरनं जोर वाढवला, तर बोल्ट जागच्या जागी राहील आणि इंजिनिअर भिंगरीसारखा गरगरेल. माणूस हा प्रश्न पायांनी सोडवतो: भिंतीवरच्या दांड्यांत पावलं अडकवतो आणि मग हात चालवतो. त्या दांड्या मोठ्या माणसाच्या मापाच्या आहेत. दीड वीत उंचीच्या गड्याची पावलं त्यांत अडकायची कशी?

माणसासाठी बांधलेल्या घरात माणसाच्याच आकाराचा नोकर सोयीचा, हा मानवाकृती रोबोंच्या बाजूचा सर्वांत वजनदार युक्तिवाद. तो खरा आहे, पण मापही माणसाचंच असेल तरच. २०११ मध्ये वर गेलेला नासाचा ‘रोबोनॉट २’ सुमारे १५० किलोंचा होता, आणि त्याचे हात माणसाच्या हातांएवढे होते, ते माणसाचीच अवजारं धरता यावीत म्हणून. त्यानं बटणं दाबली, हवेच्या झोताचा वेग मोजला, दांड्या पुसल्या. २०१४ मध्ये त्याला पाय बसवले, पण ते चालण्यासाठी नव्हते. त्यांच्या टोकांना पावलांऐवजी पकडी होत्या. पुढं विजेच्या तक्रारी सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये त्याला खाली आणलं. रशियाचा ‘स्कायबॉट एफ-८५०’ २०१९ मध्ये माणसासारखे पाय घेऊन गेला, आणि त्या पायांचा वर उपयोग नाही हे त्याच्या निर्मात्यांनीच नंतर सांगितलं. पूर्ण मापाच्या रोबोंनासुद्धा मानवी रूपातलं काही टाकून द्यावं लागतं. माप घटवलं, तर ते रूप घ्यायचं कारणच हातातून निसटतं.

किरोबोनं निराशा केली असं मात्र मी म्हणणार नाही. तो पाना चालवायला गेलाच नव्हता. अंतराळवीर कोइची वाकाता यांच्याशी जपानीत गप्पा मारायला गेला होता. सोबतीसाठी चेहरा लागतो, आणि लहान चेहऱ्याची भीती वाटत नाही. इस्रोच्या ‘व्योममित्रा’चंही तसंच. गगनयानच्या मानवरहित उड्डाणात तिला माणसाच्या जागी बसायचं आहे, म्हणून माणसाचं रूप आणि माप दोन्ही रास्त. पाय तिला दिलेलेच नाहीत.

मग कपाटामागचं काम कुणाचं? नासाचे ‘ॲस्ट्रोबी’ हे सुमारे ३२ सेंटिमीटरचे ठोकळे २०१९ पासून पंख्यांच्या झोतावर स्थानकात हिंडताहेत. चेहरा नाही, पाय नाहीत. एक छोटा हात आहे, तो मुख्यतः दांडी धरून ठेवायला. एका चाचणीत कार्बन डायऑक्साइड साचल्याचा बनाव केला होता. ‘बम्बल’ नावाचा ॲस्ट्रोबी जागेवर पोचला, हवेच्या झरोक्यावर लावलेलं मोज्याचं चित्र त्यानं ‘मोजा’ म्हणून अचूक ओळखलं आणि मदत मागितली. मोजा उचलायचं काम त्याच्याकडे नव्हतंच. लहान अंगाला झेपेल ते एवढंच: शोधायचं, ओळखायचं, कळवायचं.

पण स्थानकात माणूसच नसेल तेव्हा मोजा कोण काढणार? हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. त्याचं उत्तर स्थानकाच्या बाहेर आहे. कॅनडाचा ‘डेक्स्टर’ हा दोन लांब हातांचा रोबो २००८ पासून बाहेरची कामं करतो, आणि बाहेरचे बरेच सुटे भाग मुळातच रोबोच्या पकडीत बसतील असे घडवलेले आहेत. आत तसं नाही. आतला प्रत्येक खटका, झाकण आणि बोल्ट प्रौढ माणसाचा पंजा गृहीत धरून बसवलेला आहे. छोटा इंजिनिअर आत हवा असेल, तर सुरुवात बोल्टच्या डोक्यापासून करावी: बोटाऐवजी चिमट्यानं सुटेल असा खटका, जोर न लावता फिरेल असं झाकण, आणि शेजारी छोट्या पकडीला बसेल अशी बारीक दांडी. हे काम आराखडे कागदावर असतानाच करावं लागतं.