बुडणारा हाक मारत नाही

समुद्रावरच्या जीवरक्षकाला खरी धास्ती असते ती गप्प झालेल्या माणसाची. ओरडणाऱ्याच्या छातीत निदान हवा तरी असते. बुडणारा पाण्यात उभा असल्यासारखा दिसतो. डोकं मागे कललेलं, तोंड पाण्याच्या पातळीला, केस डोळ्यांवर. पण ते सारायलाही हात मोकळे नसतात, ते दोन्ही बाजूंना पाणी दाबत राहतात. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवरचे जीवरक्षक फ्रँक पिया यांनी असे प्रसंग चित्रित करून हे दाखवून दिलं. हातात वेळ असतो तो वीस ते साठ सेकंदांचा.

माणूस बहुतेकदा ओढीत सापडतो. फुटलेल्या लाटांचं पाणी वाळूच्या दांड्यांमधल्या खोलगट वाटेनं परत जातं. तिथे लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्याला नेमकी तीच जागा शांत आणि पोहण्याजोगी वाटते! ही ओढ माणसाला तळाशी नेत नाही, किनाऱ्यापासून दूर नेते. तिच्याशी झुंजणारा दमतो आणि मग बुडतो. त्यानं तरंगत राहावं, हात वर करावा, जमेल तसं किनाऱ्याला समांतर सरकावं.

६ फेब्रुवारी १९३८, रविवार. सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर लागोपाठ मोठ्या लाटा आल्या आणि उथळ दांड्यावर उभे असलेले शेकडो लोक खोल पाण्यात ओढले गेले. स्पर्धेसाठी जमलेले जीवरक्षक सुदैवानं तिथेच होते. कमरेच्या पट्ट्याला दोर बांधून ते पाण्यात शिरले. सुमारे अडीचशे लोकांना बाहेर काढलं. पाच जण गेले.

आज दोराची जागा लांबट, तरंगत्या रेस्क्यू ट्यूबनं घेतली आहे. कसलेला जीवरक्षक बुडणाऱ्यापासून हातभर अंतरावर थांबतो, ट्यूब पुढे सरकवतो आणि त्यानं ती धरल्यावरच परत फिरतो. हे अंतर राखणं हीच या कामातली सर्वांत अवघड गोष्ट. घाबरलेला माणूस हाती येईल त्यावर चढतो, मग तो वाचवायला आलेला भाऊ का असेना.

कोकणात सुट्टीच्या दिवसांत एकामागोमाग घरचे दोघं-तिघं जातात, ते यामुळेच. वाचकहो, कुणी बुडताना दिसलं तर रिकाम्या हातानं उडी मारू नका. झाकण लावलेला रिकामा कॅन, चेंडू, दोर, जे तरंगेल किंवा पोचेल ते त्याच्याकडे फेका. जीवरक्षकाला हाक मारा, ११२ लावा आणि त्या डोक्यावरची नजर हलवू नका.