तांब्या पेटीत नको, पोरांच्या हातात द्या

मागच्या वर्षी लातुरात आमच्या मुलाच्या शाळेत 'घरातली जुनी वस्तू' आणायला सांगितली होती. कुणी पणजोबांची तलवार आणली, कुणी चांदीचा करंडा, कुणी वाड्याच्या दाराची कडी. सहावीतला आमचा मुलगा रिकाम्या हाताने गेला. बाईंनी विचारले तर म्हणाला, "आमच्या घरात जुनं काहीच नाही."

घरी येऊन त्याने हे सहज सांगितले आणि आमची मान खाली गेली. कारण घरात जुने होते. आईच्या लोखंडी पेटीत, लुगड्यात गुंडाळलेला तांब्याचा एक तांब्या. आम्ही तो इतका जपला की पोराला त्याची खबरच नव्हती.

मित्रांनो, आपल्या घरांत जुन्या वस्तू कमी का, हा प्रश्न पोरांना पडला पाहिजे. बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात नोव्हेंबर १९३५ मधली गुजरातची घटना नोंदवली आहे. अहमदाबाद जिल्ह्यातल्या एका गावी अस्पृश्य बायकांनी धातूच्या भांड्यांतून पाणी आणायला सुरुवात केली, म्हणून सवर्णांनी त्यांना मारहाण केली. ज्यांच्या हातातली घागरसुद्धा सहन होत नव्हती, त्यांच्या घरात चांदीचा करंडा कुठून येणार?

आमच्या आजोबांनी नांदेडच्या उस्मानशाही मिलच्या पगारातून हा तांब्या घेतला होता. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांचा खून झाला. त्याच दिवसांत आमची आई एका रात्री कडेवर आमचा थोरला भाऊ आणि हातात हा तांब्या घेऊन ज्वारीच्या रानात पळाली. बांधावर पाय घसरला, तांब्या दगडावर आपटला. त्याच्या पोटावरचा पोचा त्या रात्रीचा आहे. सकाळी परत येऊन पाहते तर घराच्या जागी राख.

ही हकीकत आईने मुलाला त्या संध्याकाळी सांगितली. पेटी उघडली, तांब्या त्याच्या हातात दिला. त्याने पोच्यावर बोट फिरवले आणि विचारले, "आजी, तू रडलीस का?" हा प्रश्न आम्ही चाळीस वर्षांत आईला विचारला नव्हता.

तेव्हापासून तांब्या रोजच्या वापरात आहे. दर रविवारी मुलगा चिंच-मीठ लावून तो घासतो. घासताना आजीकडून एक तरी गोष्ट काढतोच.

काही कार्यकर्ते म्हणतात, अशा वस्तू संग्रहालयात हव्यात. खरे आहे, संग्रहालयेही हवीत. पण संग्रहालयातली वस्तू पोर वर्षातून एकदा पाहते, घरातली रोज हाताळते. कागद मात्र जपा. जुनी पत्रे, फोटो, वर्तमानपत्रांची कात्रणे यांचे फोटो काढून ते पोरांना दाखवा, मूळ प्रत नीट ठेवा. तांबे, पितळ, पाटा-वरवंटा हे वापराने मरत नाहीत. न सांगितलेली गोष्ट मात्र सांगणाऱ्या माणसाबरोबर जाते.

वापरले तर नुकसान होणारच. दिवाळीच्या सुट्टीत मुलाच्या हातून तांब्या फरशीवर पडला. दुसरा पोचा पडला. आम्ही ओरडणार तोच आई म्हणाली, "राहू द्या. एक माझा, एक त्याचा."

१४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. आज आपली पोरे त्या नावाच्या विद्यापीठाच्या पदव्या घेतात. त्या नावासाठी आपल्या घरातून काय गेले आणि काय वाचले, हे त्यांना १४ जानेवारीच्या भाषणातच ऐकायला मिळावे का? तुमच्या आईची, आजीची पेटी आज उघडा. ती सांगायला आहे तोवर उघडा.

जय भीम!